घर आणि शाळा यांच्यामधला बेवारस अर्धा तास

सकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर रोज एक छोटी जत्रा भरते. अर्धवट झोपेतली मुले, पाठीवर जवळजवळ त्यांच्याच उंचीची दप्तरे, हातात डब्याच्या पिशव्या, कोणाच्या तोंडात पोळीचा शेवटचा घास. आया मुलींच्या केसांत राहिलेली क्लिप खोचत असतात, बाबा लोक स्कूटर चालूच ठेवून उभे असतात आणि आमच्यासारखे निवृत्त आजोबा कठड्यावर बसून वर्तमानपत्रातल्या मथळ्यांचा समाचार घेत असतात. मग रिक्षा येतात, व्हॅन येतात, पिवळ्या बस येतात. दोन मिनिटांत दारे आपटतात, ‘काका, सावकाश हं!’ असे कोणीतरी म्हणते आणि जत्रा पांगते. आपण घरी येऊन चहाचे आधण ठेवतो. मूल शाळेत गेले, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते अजून शाळेत गेलेले नसते. ते फक्त आपल्या नजरेआड गेलेले असते.

घराच्या उंबरठ्यापर्यंत मूल आईबापांचे. शाळेच्या फाटकाच्या आत ते बाईंचे. मधल्या अर्ध्या तासात ते कोणाचे, हा प्रश्न मला आयुष्याची पासष्ट वर्षे कधी पडला नव्हता. तो पडला तीन वर्षांपूर्वीच्या एका मार्च महिन्यातल्या दुपारी.

माझी नात तेव्हा मोठ्या शिशुवर्गात होती. शाळा सव्वाबाराला सुटे आणि व्हॅन पाऊण वाजता आमच्या कोपऱ्यावर येई. तिला उतरवून घेण्याचे काम माझे. त्या दिवशी नेहमीचे व्हॅनवाले काका गावच्या यात्रेला गेले होते आणि त्यांनी आपल्या भाच्याला गाडी देऊन पाठवले होते. व्हॅन वेळेवर आली. पाच-सहा मुले धडाधड उतरली. त्यांत आमची नव्हती. मी विचारले, तर तो तरुण मुलगा सहजपणे म्हणाला, ‘‘आजोबा, सगळी उतरली. ती आज आली नसंल शाळेला.’’ मी म्हटले, अरे, सकाळी मीच बसवून दिली तिला. त्यावर ‘‘मग शाळेत विचारा’’ असे म्हणून तो गेलासुद्धा. गाडीत डोकावून बघावे हे मला सुचले नाही, ही गोष्ट मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

शाळेत फोन केला. वर्ग सुटून अर्धा तास झाला होता. शिपायाने सांगितले की मुलगी गाडीत बसली, त्याने स्वतः पाहिले. भाच्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. काकांचा फोन यात्रेतल्या ढोल-ताशांत कोणाला ऐकू येणार? शेवटी सूनबाईने काकांच्या घरी, शेजाऱ्यांकडे, जिथे सुचेल तिथे फोन करून व्हॅन दुपारी कुठे उभी असते ते शोधून काढले. कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला गाडी कुलूप लावून उभी होती आणि भाचा जेवायला गेला होता. मागच्या आसनावर, दप्तरांच्या आड, माझी नात होती. वाटेत झोप लागली होती. जाग आली तेव्हा गाडीत कोणी नव्हते. गणवेश घामाने चिंब झालेला, रडून रडून आवाज बसलेला. दोन खिडक्या चार बोटे उघड्या होत्या आणि गाडीवर कडुलिंबाची अर्धीमुर्धी सावली होती, म्हणून निभावले. आम्ही पोहोचलो तेव्हा दीड वाजायला आला होता. जेमतेम पाऊण तासाचा प्रसंग. पण पुढे कित्येक महिने ती पोर व्हॅनमध्ये बसताना माझे बोट सोडत नसे.

हा काही जगावेगळा प्रसंग नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये केरळच्या एका कुटुंबातली चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये अशीच झोपून राहिली. ती आत आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि बंद बसमधल्या उष्म्याने तिचा जीव गेला. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. दक्षिण कोरियात २०१८ च्या उन्हाळ्यात एका बालवाडीच्या गाडीत असेच घडले. तिथल्या सरकारने नंतर कायदाच केला, की मुलांच्या गाडीत अगदी मागच्या बाजूला एक बटण असावे आणि गाडी बंद केल्यावर चालकाने शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन ते दाबावे. न दाबल्यास भोंगा वाजतो. २०१९ पासून हा नियम तिथे लागू आहे. उपाय किती साधा! बटणाचे काम मूल शोधणे हे नाहीच. चालकाला गाडीच्या टोकापर्यंत चालायला लावणे, एवढेच त्याचे काम. वाटेत झोपलेले मूल त्याला आपोआप दिसते. आपल्या व्हॅनला बटण नसेल. पण मागचे दार उघडून एकदा आत पाहायला काय लागते?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी मला बसायला सांगितले, पाणी दिले, झाल्या प्रकाराबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘पण काका, ती गाडी आमची नाही. व्हॅन पालकांनी परस्पर ठरवलेली असते. आम्ही प्रवेशाच्या वेळीच तसं लिहून घेतो.’’ खरेच होते ते. घरी येऊन कागद काढून पाहिला, तर वाहतुकीच्या जबाबदारीशी शाळेचा संबंध नाही, या वाक्याखाली माझ्या मुलाची सही होती. सर्वच पालकांची असते. ती न करता प्रवेश कसा मिळणार?

काका यात्रेहून परतले ते थेट आमच्याकडे आले. गृहस्थ सज्जन. दारातच हात जोडले, डोळ्यांत पाणी. मी तोंड सोडण्याच्या तयारीत होतो. पण बोलता बोलता त्यांचा हिशेब निघाला आणि माझा आवाज हळूहळू खाली आला. गाडीचा बँकेचा हप्ता, विमा, परवाना, दरवर्षीची तपासणी, टायर, गॅस. मुलांचे पैसे वर्षातले दहा महिने मिळणार. एप्रिल अखेरीपासून जूनपर्यंत गाडी उभी, हप्ता मात्र चालूच. गाडीतली अधिकृत आसने भरून हिशेब बसत नाही, म्हणून जास्त मुले. एका शाळेची मुले पोहोचवून दुसऱ्या शाळेची घ्यायची, म्हणून घाई. आजारी पडले तर बदली माणूस नाही, म्हणून भाचा. शेवटी ते म्हणाले, ‘‘आजोबा, जूनमध्ये मी मावशी ठेवतो म्हटलं होतं. तुम्हीच नको म्हणालात.’’

हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. शाळा सुरू होण्यापूर्वी काकांनी आम्हा पालकांना एकत्र बोलावले होते. गाडीत मुलांकडे पाहायला, चढवायला-उतरवायला एक बाई ठेवायची, सकाळ-दुपार मिळून चारेक तासांचे काम, त्यासाठी प्रत्येक मुलामागे महिना ४०० रुपये वाढवून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. गाडीत चौदा मुले होती. (चौदा! तो आकडा तेव्हा कानाला खटकला नव्हता.) ‘अर्ध्या तासाच्या प्रवासाला मावशी कशाला?’ असे त्या सभेत बोलणारा माणूस मीच होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे मी आणखी घासाघीस करून काकांनी मागितलेल्या दरवाढीतले २०० रुपयेही कमी करून घेतले आणि घरी येऊन फुशारकीने सांगितले. सहाशे रुपये महिना वाचवले होते मी. त्याच महिन्यात आम्ही नातीच्या वाढदिवसाला केक, फुगे आणि जादूचे प्रयोग यांवर किती खर्च केला, तो आकडा इथे लिहायला लाज वाटते.

म्हणून या विषयावर लिहिताना मला फक्त चालकांवर, फक्त शाळांवर किंवा फक्त सरकारवर बोट रोखता येत नाही. प्रत्येकाने आपला कागद बिनचूक करून ठेवला आहे. शाळेकडे पालकांची सही आहे, काकांकडे पालकांनी ठरवलेला दर आहे, पालकांकडे ‘काका ओळखीचे आहेत’ हा दिलासा आहे. आणि मूल मधल्या अर्ध्या तासात बेवारस आहे.

नियम नाहीत असे नाही

आपल्याकडे नियम नाहीत, ही समजूत चुकीची आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून मुलांनी खच्चून भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २५हून अधिक मुले बुडाली. दिल्लीच्या प्रदूषणाचे आणि वाहतुकीचे प्रकरण त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे चालूच होते. त्याच वर्ष-अखेरीस न्यायालयाने शाळेच्या बसबाबत स्पष्ट निर्देश दिले. जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव नसलेला माणूस शाळेच्या बसवर नको. बेदरकारपणाबद्दल किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल ज्याला दंड झाला आहे, तो नको. ही शाळेची बस आहे हे बाहेरून कळले पाहिजे. पुढे अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडवे गज, वेगनियंत्रक अशा गोष्टींची भर पडत गेली.

महाराष्ट्राने तर २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियमच केले. त्यांतली सर्वांत शहाणपणाची तरतूद बसच्या रंगाची किंवा वेगाची नाही. ती आहे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असण्याची. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलिसांचा, परिवहन खात्याचा आणि शिक्षण खात्याचा माणूस, बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी. गाड्यांची कागदपत्रे, चालक, थांबे, भाडे, वाटेतली सुरक्षितता, हे सारे या मंडळींनी एकत्र बसून पाहायचे. म्हणजे मघाच्या प्रश्नाचे उत्तर नियमाने दिलेले आहे. मधला अर्धा तास बेवारस नाही, त्याला पाच-सहा वारस आहेत. फक्त त्यांतला कोणी वारसा सांगायला पुढे येत नाही.

मी त्या भेटीत बाईंना विचारले, ‘‘आपल्या शाळेची परिवहन समिती आहे का?’’ त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग कपाटातून एक फाइल काढली. समिती होती. सभांच्या नोंदी होत्या. पालक प्रतिनिधी म्हणून ज्यांचे नाव होते, त्यांची मुलगी शाळा सोडून कॉलेजात गेल्याला दोन वर्षे झाली होती. बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या माथ्यावर असल्या किती समित्या आणि किती फायली असतात, हे निवृत्त सरकारी नोकर या नात्याने मी चांगले जाणतो. ज्या फायलीबद्दल कोणी विचारत नाही, ती अशीच होते. आणि त्या फायलीबद्दल विचारण्याचा हक्क ज्यांना होता, त्या आम्ही पालकांनी आजवर शाळेत काय काय विचारले होते? परीक्षेचे वेळापत्रक, स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेचा खर्च, गुण कमी का पडले. गाडी कोण चालवतो, हे कोणीच विचारले नव्हते.

चावी कोणाच्या हातात?

एप्रिल २०२४ मध्ये हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यात शाळेची बस उलटून सहा मुलांचा मृत्यू झाला. ईदचा दिवस होता, सुट्टीचा. शाळा तरीही भरवलेली. चालक प्यायलेला होता. बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत २०१८ मध्येच संपलेली होती, हेही नंतर उघड झाले. या सगळ्यापेक्षा एक तपशील मला जास्त अस्वस्थ करून गेला. अपघातापूर्वी वाटेतल्या एका गावात लोकांना चालकाचा संशय आला, त्यांनी बस थांबवून चावी काढून घेतली, शाळेला कळवले. आणि तरीही ती चावी पुन्हा चालकाच्या हातात गेली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

त्या चावीचा मी पुष्कळ विचार केला आहे. गावकऱ्यांनी आपले काम चोख केले होते. परक्याच्या मुलांसाठी त्यांनी बस अडवली. आपण आपल्या मुलांसाठी कधी अडवली आहे? रिक्षात तीन प्रवाशांचा परवाना आहे हे लहान मुलालाही ठाऊक असते. तरी चालकाच्या पाठीमागे लाकडी फळी टाकून आठ-नऊ मुले कोंबलेली, दप्तरे बाहेर हुकांना लटकलेली, एक मोठा मुलगा चालकाच्या शेजारी अर्ध्या मांडीवर, अशी रिक्षा कोपऱ्यावर येते आणि आपण आपले मूल नववे म्हणून आत सरकवतो. जागा करून देणाऱ्या काकांचे वर आभार मानतो. चावी सकाळी दोन मिनिटे खरे तर आपल्याच हातात असते.

यावर एक उत्तर नेहमी येते आणि ते खोटे नाही. ‘बसचे भाडे परवडत नाही.’ शाळेच्या मोठ्या बसचे शुल्क अनेक घरांना पेलत नाही. नवरा-बायको दोघे नोकरीला, घरात म्हातारे माणूस नाही, शाळा सात किलोमीटरवर, शहर बसची वेळ जुळत नाही. अशा आईने काय करावे? रिक्षात नऊ मुले कोंबणाऱ्या काकांकडे ती हौसेने जात नाही. अपघातानंतर पोलीस चार दिवस रिक्षा पकडतात, काका चार दिवस गाडी काढत नाहीत, आयांना चार दिवस रजा पडते आणि पाचव्या दिवशी सगळे पूर्ववत होते. याचे कारण हेच. स्वस्त पण सुरक्षित असा पर्याय उभा न करता नुसती कारवाई केली, तर तिचा भार सर्वांत गरीब पालकावर पडतो. महापालिकेच्या बस शाळांच्या वेळेला, शाळांच्या मार्गावर, सवलतीत का धावू नयेत, हा प्रश्न आपण निवडणुकीत एकदा तरी नगरसेवकाला विचारला पाहिजे. रस्त्यांना नावे कोणाची द्यायची यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा होऊन गेली आहे.

खेड्यात तर हा प्रश्न वेगळ्याच तोंडवळ्याचा आहे. तिथे शाळेची गाडी म्हणजे एस.टी. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे, मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठी धावतात. ज्यांनी कोणी या योजना आखल्या, त्यांनी हजारो मुलींचे शिक्षण वाचवले. पण बस चुकली, रद्द झाली किंवा थांब्यावर न थांबता निघून गेली, की मुलींना वडापच्या जीपला हात करावा लागतो. दांडीला लोंबकळत, मागच्या फळकुटावर उभे राहत त्या घरी पोहोचतात. २०२१-२२ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप महिनोन् महिने चालला, तेव्हा गाडीविना शाळा म्हणजे काय, हे ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवले. शहरात गाडी असून भीती, खेड्यात गाडी नसल्याची भीती. ‘बस सुरक्षित आहे का’ हा प्रश्न विचारायलासुद्धा आधी बस यावी लागते.

गाडीभोवतालची दहा पावले

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. शाळेच्या बसचा अपघात म्हटले, की बस दरीत कोसळल्याचे किंवा ट्रकवर आदळल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत शाळेच्या बसचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. तिथला अनुभव असा, की मूल बसच्या आत असते तेव्हा बरेच सुरक्षित असते. धोका असतो तो चढताना, उतरताना आणि बसच्या पुढून-मागून रस्ता ओलांडताना. म्हणून तिथे बसच्या चारही बाजूंची दहा फूट जागा धोक्याची समजून मुलांना तसे शिकवतात. बस थांबली, की तिच्या कुशीतून ‘थांबा’ची लाल पाटी बाहेर येते आणि साधारणपणे दोन्ही बाजूंच्या गाड्यांना थांबावेच लागते. बसचा तो विशिष्ट पिवळा रंगही तिथे १९३९ साली शिक्षक, अधिकारी आणि बस बनवणारे यांनी एकत्र बसून ठरवला. पहाटेच्या अंधुक उजेडात तो नीट दिसतो म्हणून.

आपण रंग घेतला, पाटी घेतली नाही. आपल्याकडे पिवळी बस थांबली, की मागचे वाहन कर्कश हॉर्न वाजवते आणि डावीकडून, म्हणजे नेमके मूल उतरते त्या बाजूने, पुढे घुसते. हॉर्न वाजवणारा कोण असतो? बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेत मुलाला सोडायला निघालेला बाप. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर दुहेरी रांगेत गाड्या लावून मुलांना रस्त्याच्या मधोमध चालायला लावणारेही आपणच. स्कूटरवर पुढे एक, मागे एक, मध्ये दप्तर, आणि हेल्मेट फक्त बाबांच्या डोक्यावर! नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. असा पट्टा बांधलेले मूल आमच्या कोपऱ्यावर मला आजवर एकच दिसले. इतर पालक त्याच्या आईकडे कौतुकाने पाहत नव्हते, हसत होते.

घाई हा या सगळ्याचा समान धागा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे फर्मावले. कारण दिले ते मुलांच्या झोपेचे. बसचालकांनी विरोध केला. एकाच गाडीत दोन फेऱ्या बसवण्याचे त्यांचे गणित कोलमडत होते. पालकांनीही कुरकुर केली. त्यांची ऑफिसची वेळ चुकत होती. दोघांच्या अडचणी खऱ्या. पण त्या वादात एक गोष्ट लक्षात येण्याजोगी होती. मुलाच्या दिवसाचे वेळापत्रक गाडीच्या फेरीवरून ठरते, गाडीची फेरी तिच्या हप्त्यावरून ठरते आणि झोपाळू मूल मागच्या आसनावर कलंडते, ते या वेळापत्रकाच्या शेवटी.

आम्ही काय केले

तक्रारीने लेख संपवणे सोपे असते. म्हणून त्या मार्चनंतर आमच्या कोपऱ्यावर काय झाले, ते सांगतो. त्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही.

पहिल्या रविवारी चौदा मुलांचे पालक आमच्या दिवाणखान्यात बसले. काकांनाही बोलावले. मी आधी माझी चूक कबूल केली, त्यामुळे बाकीच्यांना बोलणे सोपे गेले असावे. मावशी ठेवायचे ठरले. काकांच्याच ओळखीतल्या एक बाई आल्या, त्यांची कागदपत्रे पाहिली. ४०० रुपये सर्वांनी मान्य केले. दोन घरांना ते जड होते, त्यांचा वाटा बाकीच्यांनी वाटून घेतला, कोणाचा ते कोणाला न कळू देता. मुलांची संख्या कमी करण्याचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. त्यावर तीन सभा झाल्या. अखेरीस दोन कुटुंबांनी मिळून दुसरी सोय केली, दोन मुले शाळेच्या मोठ्या बसमध्ये गेली आणि उरलेल्यांनी दर वाढवून दिला. सुट्टीच्या दोन महिन्यांत काकांना अर्धे पैसे द्यायचे, हेही ठरले. शेवटच्या मुद्द्यावर मोठा वाद झाला. गाडी न चालवता पैसे का? एका आईने उत्तर दिले, ‘‘आपल्याला मे महिन्याचा पगार मिळतो ना?’’ वाद तिथे संपला.

गाडीच्या दारात एक वही टांगली. मूल चढले की खूण, उतरले की खूण. मावशी शेवटी गाडीच्या मागच्या टोकापर्यंत पाहतात आणि खाली सही करतात. बदली चालक येणार असेल तर आदल्या रात्री त्याचे नाव, परवाना आणि फोन नंबर सर्वांना कळवायचा. न कळवलेला माणूस आला तर मूल गाडीत बसवायचे नाही. हे पहिल्यांदा घडले तेव्हा सकाळी कोपऱ्यावर चांगलीच तारांबळ उडाली, काहींनी काकांपेक्षा मलाच जास्त ऐकवले. पण कोणी मूल बसवले नाही.

शाळेत पालक प्रतिनिधी बदलला. नव्या प्रतिनिधी म्हणजे मघाच्या त्या आईच. त्यांनी पहिल्याच सभेत एकच प्रश्न विचारला, आपल्या शाळेत एकूण किती गाड्यांतून मुले येतात? कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेने आठवडाभर फाटकावर नोंद ठेवली. आता प्रत्येक गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, योग्यता प्रमाणपत्राची मुदत यांचा तक्ता बाईंच्या कपाटात आहे आणि वर्षातून दोनदा तो तपासला जातो. त्या तक्त्यामुळे तीन गाड्या बंद झाल्या. त्यांच्या पालकांनी बराच त्रागा केला, तो आम्ही ऐकून घेतला. ‘ती गाडी आमची नाही’ हे वाक्य मी बाईंच्या तोंडून पुन्हा ऐकलेले नाही. सहीचा कागद मात्र अजून आहे. तो जायला आणखी काही सभा लागतील.

सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. आमच्या कोपऱ्यावर आजही नऊ मुलांची एक रिक्षा येते. तिच्यातल्या मुलांच्या पालकांशी बोलणे झाले आहे, भांडणही झाले आहे, मार्ग निघालेला नाही. मावशी मध्यंतरी दोन महिने आजारी होत्या, तेव्हा वहीत खुणा पडल्याच नाहीत, असेही झाले. माणसे कंटाळतात. भीती ओसरली, की शिस्तही ओसरते. म्हणून तर समिती, तक्ता, वही असले रूक्ष प्रकार लागतात.

नात आता तिसरीत आहे. शाळा नवाला भरते, त्यामुळे कोपऱ्यावरची आमची जत्रा आता दोनदा भरते. मोठ्यांची पावणेसातला, धाकट्यांची साडेआठला. परवा व्हॅनमधून उतरल्यावर ती चार पावले चालून थांबली, मागे वळली आणि पुन्हा गाडीत चढली. मला वाटले डबा विसरली. मी विचारले, तर म्हणाली, ‘‘मागे कोणी झोपलंय का ते बघितलं, आजोबा. मावशी आज उशिरा चढल्या ना, त्यांची आठवण राहिली नसती.’’

आठ वर्षांच्या मुलीने हे काम करावे लागू नये, असे मला वाटते. तोवर ते करायला आपण मोठ्यांनी दोन पावले पुढे व्हायला हरकत नाही. उद्या सोमवार आहे. आपल्या मुलाची गाडी येईल तेव्हा ‘काका, सावकाश हं’ म्हणण्याआधी एकदा आत डोकावून मुले मोजा. आणि शाळेत गेलात की विचारा, परिवहन समितीची पुढची सभा कधी आहे?